चार सिंहासनं, बारा शेजारी

एअर लिंगस या आयरिश कंपनीच्या ए३२१ निओ विमानात बिझनेस क्लासच्या सीट सोळाच. ओळी पाच. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडसीट, म्हणजे बारा माणसं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत मात्र दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणजे चार माणसं. नेहमी उडणारी मंडळी या चार सीटना ‘थ्रोन’ म्हणतात, सिंहासन. दोन्ही हातांशी रुंद टेबल, शेजारी कुणी नाही, विंडो आपली आणि आइलही आपली. वर्ग तोच, जेवण तेच, पलंगासारखी सपाट होणारी सीटही तीच. तरी तिकीट हातात पडताच जाणकार माणूस आधी या चारांपैकी एखादी मोकळी आहे का ते बघतो आणि उरलेले बारा जण शेजारी म्हणून एकमेकांच्या वाट्याला येतात.

सिंहासनाला दोन टेबलं कशाला? एका माणसाला एक पुरतं. एकावर लॅपटॉप आणि दुसऱ्यावर ग्लास ठेवता येतो हे खरं, पण आराखडा करणाऱ्याने ती प्रवाशाचे लाड म्हणून दिलेली नाहीत. त्या टेबलांच्या पोटात मागच्या ओळीतल्या दोन माणसांचे पाय असतात. सीट सपाट झाली की मागच्या जोडीतल्या प्रत्येकाची पावलं पुढच्या सिंहासनाच्या डाव्या-उजव्या टेबलाखालच्या कोनाड्यात शिरतात. सिंहासनावरच्या माणसाची पावलं त्याच्या पुढच्या जोडसीटच्या मधोमध, त्या दोघांच्या सामाईक टेबलाखाली जातात. ओळी अशा एकमेकींत गुंतवल्यामुळेच साडेसहा फुटांच्या आसपासचा पलंग त्याहून पुष्कळ कमी अंतरात बसतो. उद्योगात याला ‘स्टॅगर्ड’ मांडणी म्हणतात. एकाचा थाट दिसतो तो मागच्या दोघांच्या पायांना छप्पर हवं म्हणून.

बिझनेस क्लासच्या जाहिराती बघितल्या तर वाटतं की आराम आणि खासगीपणा ही दोन वेगळी सुखं आहेत, आणि कंपनी उदार झाली तर दोन्ही देते. विमानात तसं होत नाही. तिथे खासगीपणा सेंटिमीटरांनी बनतो आणि ते सेंटिमीटर कुणाच्या तरी गुडघ्यातून, खांद्यातून किंवा पावलांतून काढलेले असतात. कधी ते शेजाऱ्याचे असतात, कधी मागच्याचे, आणि बहुतेक वेळा तुमचे स्वतःचेच. गेल्या काही वर्षांत सीटला दार लावायची जी शर्यत लागली आहे, तिने हा हिशोब झाकला आहे, आणि झाकलेल्या हिशोबात प्रवासी नेहमीप्रमाणे बुडीत खाती जातो, असं माझं म्हणणं आहे.

हिशोब अवघड नाही. ए३२१ ची केबिन आतून सुमारे ३.७० मीटर रुंद. मधली वाट नियमाप्रमाणे गुडघ्याच्या वर किमान २० इंच, म्हणजे अर्धा मीटर. उरले साधारण ३.२० मीटर, एका बाजूला १.६० मीटर. त्यात दोन माणसं झोपवायची तर प्रत्येकाला ८० सेंटिमीटर, आणि त्यातच हात टेकायची जागा, टेबल, मधला पडदा, बाहेरचं कवच. आपल्या घरातला साधा सिंगल पलंग तीन फुटांचा, म्हणजे नव्वद सेंटिमीटरांचा असतो. लाखांच्या घरात जाणारं तिकीट काढून माणूस घरच्या पलंगापेक्षा अरुंद जागेत झोपतो. त्याला ते खुपत नाही, कारण मागे इकॉनॉमीत लोक बसून झोपलेले त्याला ठाऊक असतात. आता याच १.६० मीटरमध्ये आणखी भिंत घाला. भिंत कितीही पातळ केली तरी तिला जाडी असते, आणि ती खांद्याशी येते.

रेल्वेच्या टू टियरमध्ये साइड लोअर मिळालेल्या कुणालाही ही गोम समजावून सांगावी लागत नाही. पडदा ओढला की संपूर्ण डब्यात तुमच्याइतका एकटा कुणी नाही. समोर कुणी नाही, कुणाची मुलं नाहीत, कुणाचे डबे उघडत नाहीत. पण बर्थ आखूड, उंच माणसाला पाय दुमडावेच लागतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का पडद्यातून लागतो. आतल्या चौघांच्या कप्प्यात ऐसपैस लांबी मिळते, पण तिथे शेजाऱ्यांचं संसारपुराण ऐकावं लागतं. टू टियरमध्ये दोन्ही मिळून एक अशी जागा रेल्वेने कधी विकली नाही, आणि ‘साइड लोअर’ म्हणजे प्रीमियम असंही कधी सांगितलं नाही. हा सरळपणा विमानांनी घेतला असता तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

एअर लिंगसची ही सीट ‘व्हॅन्टेज’ नावाची आहे आणि ती बनवते थॉम्पसन एरो सीटिंग ही कंपनी. २००१ साली सुरू झालेली ही कंपनी पोर्टाडाउनची. आर्मा परगण्यातलं हे गाव राजकीय नकाशावर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं, पण डब्लिनहून ते गाडीने फार लांब नाही. पूर्वी या भागाची ओळख लिननच्या गिरण्यांची होती. तिथून आग्नेयेला समुद्रकाठी किलकील हे मासेमारीचं गाव आहे, आणि तिथल्या कॉलिन्स एरोस्पेसच्या कारखान्यातही विमानांच्या सीट बनतात. हवेत आडवं झोपणाऱ्या श्रीमंत जगाचे पलंग या दोन-तीन लहान गावांतली माणसं जोडतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. थॉम्पसनची मालकी २०१६ पासून चीनच्या सरकारी विमान उद्योगसमूहाकडे, एव्हिककडे आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत विमानं जमिनीवर आली तेव्हा पोर्टाडाउनमधल्या शेकडो नोकऱ्यांवर गदा आली. सीटचा विषय निघाला की आपण प्रवाशाच्याच कुशीचा विचार करतो. जोडणाऱ्याच्या पोटाचा विचार करायला साथ यावी लागली.

व्हॅन्टेजची मला आवडणारी गोष्ट अशी की ती सरळ तोंड करून बसते. बऱ्याच कंपन्यांच्या सीट तिरप्या असतात, माशाच्या काट्यासारख्या. तिरपं केलं की प्रत्येकाला वाट मिळते आणि शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही. पण अपघातात शरीर पुढे फेकलं जातं ते विमानाच्या दिशेने, सीटच्या दिशेने नव्हे. १९८८ पासून अमेरिकी नियमाने नव्या आराखड्याच्या विमानांच्या सीटला १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटका सहन करण्याची चाचणी लावली. त्या झटक्यात डोकं कशावर आपटतं आणि किती जोराने, हेही मोजलं जातं. सीट जितकी तिरपी तितकी मान आणि कंबर पिळवटण्याची भीती जास्त; मग पट्ट्यात एअरबॅग घाला, खांद्याला जादा पट्टा द्या. त्या जाड पट्ट्याला प्रवासी कुरकुरत असतो, आणि तो त्याच्याच एकांतासाठी आलेला आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

आयर्लंडमध्ये हा विषय लिहायचा आणि रायनएअरचं नाव घ्यायचं नाही असं होणार नाही. याच बेटाने आडव्या पलंगाचा कारखाना दिला आणि याच बेटाने युरोपातली सगळ्यात कडक सीटही दिली. रायनएअरची सीट मागे जात नाही. पाठीला खिसा नाही; सुरक्षेचं पत्रक थेट समोरच्या पाठीवर चिकटवलेलं. बोईंग ७३७-८०० मध्ये १८९ माणसं. कंपनीचे प्रमुख मायकेल ओ’लिअरी यांच्या वक्तव्यांनी लोक हसले, चिडले, उभ्याने प्रवासाच्या त्यांच्या कल्पनेवर रकाने भरले. पण न झुकणाऱ्या सीटकडे शांतपणे बघा. तिने एक जुनं भांडण मिटवून टाकलं. तुमच्या पुढचा माणूस तुमच्या अंगावर येत नाही आणि तुम्ही मागच्याच्या चहावर जात नाही. समोरची पाठ म्हणजे एक न हलणारी भिंत, आणि तिच्या अलीकडची वीतभर जागा तुमचीच.

गंमत म्हणजे बिझनेस क्लासने नेमका हाच तोडगा काढला. व्हॅन्टेजसारख्या सीटला बाहेरून टणक कवच असतं आणि सीट झुकते, सरकते, सपाट होते ती त्या कवचाच्या आतल्या आत. पुढचा माणूस झोपला तरी त्याची पाठ तुमच्याकडे येत नाही. फरक एवढाच की एकीकडे दोन कवचांमधलं अंतर ३० इंच, आणि दुसरीकडे त्यात अख्खा माणूस आडवा होतो. प्रवाशाचं खरं दुखणं काय होतं, ते दोघांनाही कळलं होतं: दुसऱ्याच्या हालचालीने आपली जागा कमी-जास्त होऊ नये. ते मिळालं की माणूस बऱ्यापैकी समाधानी असतो. म्हणून मला वाटतं, बिझनेस क्लासमधल्या खासगीपणाची जी मूळ गरज होती ती कवचाने तेव्हाच भागवली. त्यानंतर जे आलं ते बरंचसं दुकानाच्या काचेतलं.

आणखी मागे गेलं तर शॅनन नदीच्या मुखाशी फॉइन्स लागतं. १९३९ साली पॅन अमेरिकनची बोईंग ३१४ जातीची उडती नौका अमेरिकेहून प्रवासी घेऊन तिथे पाण्यावर उतरली. युद्धाच्या काळात हे लहानसं गाव अटलांटिक ओलांडणाऱ्यांचा मुख्य नाका होतं. कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडायची रीत तिथल्याच स्वयंपाकघरात जो शेरिडन या आचाऱ्याने सुरू केली असं सांगतात. आज तिथे संग्रहालय आहे आणि त्या नौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. दिवसा ७४ पर्यंत माणसं बसतील अशी तिची रचना होती, रात्री त्याच्या निम्म्यांनाच झोपता येई. बैठकीच्या सोफ्यांचे वर-खाली बर्थ होत आणि त्यांना पडदे लागत. शेपटीकडे नवविवाहितांसाठी म्हणून ओळखली जाणारी एक स्वतंत्र खोली होती. कपडे बदलायला वेगळी खोली. जेवायला मात्र सगळ्यांचं एकच दालन, पांढऱ्या चादरीची टेबलं, आणि पाळी लावून बसणं.

त्या विमानात खासगीपणा रात्रीचा होता आणि दिवसा संगत होती. झोपताना पडदा, जेवताना शेजारी. आजचा सुइट, म्हणजे भिंती-दारांची सीट, या दोहोंची सांगड तोडतो. जेवण तुमच्यापुरतं, पडदा तुमच्यापुरता, आणि दार दिवसाढवळ्याही बंद. उडत्या नौकांमध्ये श्रीमंतच बसत आणि त्या मंद होत्या, त्यांचा काळ परत यावा असं काही मला म्हणायचं नाही. पण ज्यांच्याकडे आजच्यापेक्षा जागा जास्त होती त्यांनी ती सगळी एकांतावर उधळली नाही, एवढं त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

दाराची कहाणी तशी ताजी. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला तो एक सीट पुढे, एक मागे तोंड करून. त्यामुळे दोन अनोळखी माणसं एकमेकांच्या तोंडासमोर येत. मध्ये वर-खाली होणारा पडदा होता, पण विंडोकडच्याला जेवण द्यायचं तर केबिन क्रूला तो खाली करावाच लागे. मग दोन अनोळखी चेहरे सूपच्या वाडग्यावरून एकमेकांना बघून कसनुसं हसत. त्या एका क्षणाने एकांताची भूक किती वाढवली असेल कोण जाणे. २०१४ मध्ये जेटब्लूने आपल्या ए३२१ विमानांत थॉम्पसनच्याच सीट बसवल्या, सोळा. त्यातल्या एकेकट्या चार सीटना दारं लावली. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच एकांत होता, दार त्यांनाच मिळालं, जोडसीटवाल्यांना नाही. पुढे २०१७ मध्ये कतार एअरवेजचा क्यूसुइट आणि डेल्टाची दारवाली सीट आली. साथीनंतर तर दार हे आरोग्याचंही लक्षण ठरलं. आता दार नसलेली नवी बिझनेस सीट म्हणजे मागासलेली, असा समज पक्का झाला आहे. एअर लिंगसच्या सीटवर परीक्षक हाच ठपका ठेवतात.

दाराने नेमकं काय मिळतं? दाराची उंची माणसाच्या छातीच्या आसपास. उभा माणूस, मग तो क्रू असो वा टॉयलेटकडे निघालेला प्रवासी, वरून आत बघू शकतो. आवाज अडत नाही. वास अडत नाही. अडते ती फक्त बसलेल्या शेजाऱ्याची नजर, आणि ती बऱ्याच सीटवर कवचाने आधीच अडवलेली असते. शिवाय प्रवासी आणि संकटकालीन दरवाजा यांच्या वाटेत दार नको, असाच अमेरिकी नियमांचा मूळ रोख आहे. दार लावायचं तर खास सवलत घ्यावी लागते, आणि तिच्या अटी असतात: उड्डाण करताना आणि उतरताना दार उघडं आणि अडकवलेलं हवं, ते अडलं तरी माणूस बाहेर पडू शकला पाहिजे. म्हणजे दाराबरोबर रूळ आला, अडकवणी आली, ती तुटली तर पर्यायी अडकवणी आली. हे सगळं सीटच्या आणि वाटेच्या मधल्या त्याच चिमूटभर जागेत, जिथे एरवी तुमचं कोपर असतं.

वजनही आलं. स्विस या कंपनीने आपल्या ए३३० विमानांत नव्या, भिंती-दारांच्या सीट बसवायचं ठरवलं तेव्हा विमानाचं नाक जड होऊ लागलं. तोल सांभाळायला शिशाची सुमारे दीड टन वजनाची पट्टी बसवावी लागणार असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. समोरच्या मूठभर लोकांना आडोसा मिळावा म्हणून दीड टन शिसं अटलांटिकपार न्यायचं आणि आणायचं! शिशाच्या वाहतुकीचं इंधन कुणाच्या तिकिटात धरायचं, हा प्रश्न मागच्या इकॉनॉमीत बसलेल्याने विचारला तर त्याला उत्तर देताना मी तरी अडखळेन. याच स्विसने आपल्या जुन्या विमानांतल्या थ्रोन सीटवर बिझनेसच्याच प्रवाशांकडून वर आणखी पैसे घ्यायला सुरुवात केली होती. एकांत आता वर्गाच्या आतला वर्ग झाला आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. एकटी प्रवास करणारी बाई परक्या पुरुषाच्या शेजारी, त्याच्यापासून हातभर अंतरावर आडवी होऊन सात तास झोपते. तिच्या दृष्टीने पडदा किंवा दार हा थाट नसतो. तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या आईच्याही दृष्टीने नसतो. सपाट पलंगाने ही अडचण वाढवलीच आहे. बसून डुलकी घेणं वेगळं आणि अनोळखी माणसाच्या कुशीला कुशी लावून झोपणं वेगळं. जोडसीटमधला पडदा पूर्ण उंचीचा आणि प्रवाशाच्या हातात असलाच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही.

पण दार हे सुरक्षेचं उत्तर आहे असं कुणी म्हणालं तर मला २६ नोव्हेंबर २०२२ ची एअर इंडियाची न्यूयॉर्क–दिल्ली फेरी आठवते. बिझनेस क्लासमधल्या एका ज्येष्ठ महिलेने तक्रार केली की दारूच्या नशेतल्या सहप्रवाशाने तिच्या अंगावर लघवी केली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोण कुठल्या सीटवर होतं, कुणाला ओलांडून कुठे जाता येतं, हा सीटच्या आराखड्याचा प्रश्न तिथे युक्तिवादाचा भाग झाला. विमान वाहतुकीच्या नियामकाने, डीजीसीएने, मात्र कंपनीला ३० लाखांचा दंड ठोठावला आणि वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला, तो प्रसंग हाताळण्यात कसूर झाली म्हणून. दार असतं तर कदाचित हे टळलं असतं, कदाचित नसतंही. त्या बाईंना त्यानंतर जे हवं होतं ते म्हणजे ताबडतोब दुसरी जागा आणि बाजूने उभा राहणारा कर्मचारी. जितक्या भिंती उंच, तितकं क्रूच्या नजरेतून निसटणारं जास्त, हेही विसरून चालणार नाही. आजारी पडलेला, घाबरलेला, प्यायलेला माणूस वेळेवर दिसणं ही विमानातली मोठी सुरक्षा आहे.

आयर्लंडमधल्या मराठी घरांकडे बघितलं की हा विषय आणखी एका बाजूने उलगडतो. मुलगा किंवा मुलगी डब्लिनला आयटीत किंवा हॉस्पिटलात; आई-बाबा पुण्याहून, नाशिकहून बाळंतपणाला किंवा उन्हाळ्यात येणार. अबू धाबी, दोहा, दुबई किंवा लंडनला विमान बदलायचं. बाबांचे गुडघे कुरकुरतात म्हणून मुलगी एकदा तरी बिझनेसचं तिकीट काढते. आणि मग आई एका सुइटमध्ये, बाबा वाटेपलीकडच्या दुसऱ्या सुइटमध्ये. आईला सीट सरळ कशी करायची ते सापडत नाही, बाबांना चष्मा कुठल्या कोनाड्यात ठेवला ते आठवत नाही, आणि एकमेकांना विचारायचं तर उठून चार फुटी भिंतीवरून डोकवायचं. “अहो, तुम्ही गोळी घेतलीत का?” हा प्रश्न साऱ्या केबिनला ऐकू जातो. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी न मागितलेला एकांत कंपनीने त्यांना सक्तीने दिलेला असतो. तो नको असल्याचं सांगायची सोय बटणांच्या त्या ताटव्यात कुठेच नसते. या जोडप्याला एअर लिंगससारखी जोडसीट कितीतरी बरी. विंडोला आई, आइलला बाबा, पडदा खाली, आणि रात्री आई उठली तर ती ज्यांच्या पायांवरून जाणार ते पाय घरचेच.

परक्याचे असले की तीच जोडसीट त्रास देते. विंडोकडच्याला रात्री उठायचं तर आडव्या झालेल्या माणसाला ओलांडावं लागतं. एकाची झोपमोड, दुसऱ्याची कसरत. म्हणून स्टॅगर्ड मांडणीचा गुण आणि दोष एकच: ती सगळ्यांना सारखं देत नाही. जोडप्याला जोडसीट आणि एकट्याला सिंहासन असं जुळलं तर तिच्यासारखी मांडणी नाही. जुळलं नाही तर बारांतल्या काहींनी चौघांच्या थाटाची किंमत चुकवलेली असते, आणि तिकीट सारखंच असतं.

एअर लिंगसचा मालक आणि स्पेनच्या इबेरियाचा मालक एकच, आयएजी. या दोन बहिणींनी ए३२१ एक्सएलआर हे एकच विमान जवळजवळ एकाच वेळी, २०२४ च्या अखेरीस घेतलं. इबेरियाने बिझनेसला चौदा सीट ठेवल्या, सगळ्या एकेकट्या. एअर लिंगसने सोळा ठेवल्या, त्याच जुन्या जोड-एकट मांडणीत. जेटब्लूने याच कुळातल्या लांब पल्ल्याच्या विमानात चोवीस सुइट बसवले, सगळ्यांना दार, सगळे तिरपे, सगळ्यांची पाठ खिडकीकडे. त्या विमानात एकूण सीट १३८, एअर लिंगसमध्ये १८४. जेटब्लूची इकॉनॉमीही ऐसपैस आहे, त्यामुळे हा सगळा फरक दारांच्या माथी मारता येणार नाही. तरी मागे बसणाऱ्यांच्या संख्येचा आणि पुढच्या भिंतींचा संबंध लपत नाही.

मला विचाराल तर डब्लिनच्या वाटेवर एअर लिंगसचं गणित जास्त शहाणपणाचं आहे, आणि त्याचं कारण वेळ. बोस्टनहून डब्लिनला रात्री निघालेलं विमान साडेपाच-सहा तासांत उतरतं. त्यात चढणं, जेवण, उतरण्याआधीचा नाश्ता वजा केला तर झोपेला साडेतीन तास. एवढ्या झोपेत माणूस दाराकडे बघत नाही. तो कूस बदलतो. आपल्यापैकी बहुतेक जण एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपतात, आणि तिथे कोनाडा आडवा येतो. खांद्याशी रुंद असलेला पलंग पायांकडे निमुळता होत जातो, गुडघा वळवला की टेबलाच्या खालच्या कडेला आपटतो, आणि पावलं त्या बोळकांडीत सरळच ठेवावी लागतात. पहिल्या ओळीत समोर भिंत असल्यामुळे हा कोनाडा मोठा असतो. म्हणून थ्रोन न मिळाल्यास जाणकार पहिली ओळ गाठतात. जाहिरातीच्या फोटोत मात्र कोनाड्याचं तोंड पांघरुणाखाली झाकलेलं असतं आणि दार अर्धवट उघडं दिसतं.

दाराच्या रुळाला आणि अडकवण्यांना दिलेले सेंटिमीटर पायांच्या कोनाड्याला दिले तर? सीट बनवणाऱ्यांना ते कळत नाही असं नाही; विमान कंपनी जे मागते ते ते बनवतात, आणि कंपनी तेच मागते ज्याचा फोटो चांगला येतो. गुडघ्याच्या जागेचा फोटो येत नाही. म्हणून आकडा तरी द्यावा. आज तिकिटाच्या पानावर पलंगाची लांबी छापतात, सपाट किती अंशांत होतो ते छापतात, टीव्हीचा स्क्रीन किती इंची आहे ते छापतात. खांद्याशी रुंदी किती, गुडघ्याशी किती, पावलांशी रुंदी आणि उंची किती, हे चार आकडे सहसा नसतात. ते असले तर सहा फुटी माणूस, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली आजी आणि एकटी प्रवास करणारी मुलगी यांना आपापला सौदा डोळे उघडे ठेवून करता येईल. कुणी दार घेईल, कुणी रुंदी. आकडे नव्याने मोजायलाही नकोत. पोर्टाडाउनच्या आराखड्यांत ते मिलिमीटरपर्यंत लिहिलेले आहेत.